रिमोटचे सेल आणि थांबलेलं लिहिणं: दुःखात वही कशी धरावी

बाबा गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला. मागचं झाकण काढलं तर दोन्ही सेलना पांढऱ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा गुंडाळलेला, आणि त्यावर बॉलपेनने तारीख. अक्षर बाबांचं. कुठला सेल किती दिवस चालतो याचा ते हिशेब ठेवत. कशासाठी, ते आम्ही कोणी कधी विचारलं नाही. मी ते सेल हातात धरून बराच वेळ उभी राहिले आणि मग समोर पडलेल्या एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलं: "रिमोटचे सेल संपले. १२ मार्चला घातलेले." त्याआधीची चौदा वर्षं मी ऑफिसची पत्रं आणि बैठकांची इतिवृत्तं सोडून एक ओळ लिहिली नव्हती.

कॉलेजात असताना लिहायचे. वार्षिक अंकात कविता, कथा, जे जमेल ते. मग थांबले. नोकरी हे सांगायचं कारण. खरं कारण असं की आपलं लिहिलेलं आपल्यालाच भिकार वाटायला लागलं होतं, आणि एकदा तसं वाटायला लागलं की पेन उचलण्याआधीच हात मागे येतो. ते लिहिणं त्या पाकिटापासून परत आलं. कसं आलं, कुठे अडलं, काय केल्याने उलट त्रास झाला, हे क्रमाने सांगते. तुमचं माणूस वेगळं, दुःख वेगळं, त्यामुळे जे लागू पडेल ते घ्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. "दुःख" या विषयावर लिहायला बसलं की हात गोठतो. गेलेल्या माणसाच्या बारीकसारीक गोष्टी विसरण्याआधी टिपून ठेवायच्या म्हणून बसलं की तो चालतो.

लिहिल्याने दुःख बरं होतं का?

"लिहून काढ, मोकळं वाटेल" असं सगळेच सांगतात. या सल्ल्यामागे खरं संशोधन आहे, पण ते सांगणाऱ्याला वाटतं तितकं सरळ नाही.

१९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना आयुष्यातला सगळ्यात क्लेशदायक अनुभव लिहायला सांगितला, काहींना अगदी किरकोळ विषय दिला. ज्यांनी घडलेलं आणि वाटलेलं असं दोन्ही लिहिलं, त्यांच्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. पण लिहून उठल्या उठल्या याच मुलांची मनं जास्त खिन्न होती. ही दुसरी गोष्ट सल्ला देताना सहसा गाळली जाते.

शिवाय हा प्रयोग सर्वसाधारण क्लेशांचा होता. शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास जोडीदार गमावलेल्या माणसांवर असाच प्रयोग केला. २००२ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की लिहिलेल्यांचं दुःख न लिहिलेल्यांपेक्षा लवकर ओसरलं नाही. २०१३ साली जोडीदारापासून नुकत्याच विभक्त झालेल्या माणसांवर झालेला एक अभ्यास तर आणखी पुढचं सांगतो. "हे माझ्याच बाबतीत का झालं" याचा अर्थ सतत शोधत राहणाऱ्या माणसांना भावना लिहून काढण्याचा उलट त्रास झाला. त्यांच्यातल्याच, दिवसभरात काय काय केलं एवढंच कोरडेपणाने लिहिणाऱ्यांची अवस्था त्या मानाने बरी निघाली.

मी यातून माझ्यापुरतं असं घेतलं: वहीकडे औषध म्हणून बघायचं नाही. रोज उघडून "आज बरं वाटलं का" असं तिला विचारत बसलं तर चौथ्या दिवशी ती कोपऱ्यात जाऊन पडते. आपण वही धरतो ती माणूस टिपून ठेवण्यासाठी. बरं वाटलं तर वाटलं.

आणि काही जणांनी आत्ता वही धरूच नये. मृत्यू हिंसक किंवा अपघाती असेल, डोळ्यांसमोर घडला असेल आणि ते दृश्य नको असताना पुन्हा पुन्हा समोर येत असेल, तर एकट्याने बसून ते लिहू नका, आधी या कामातल्या जाणकार माणसाशी बोला. एखाद्या गोष्टीवर लिहिताना आपण कोसळू असं वाटत असेल तर ती लिहू नका, असं खुद्द पेनेबेकरही सांगतात. स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील तर वही बाजूला ठेवून त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला आता वैद्यकीय निदानही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे, अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात प्रौढांसाठी बारा महिन्यांची. म्हणजे दोन महिन्यांत "अजून सावरली नाहीस?" असं विचारणाऱ्याकडे खुशाल दुर्लक्ष करा, पण वर्षानंतरही रोजचं जगणं ठप्प असेल तर मदत मागा.

पहिले काही आठवडे: चिठ्ठ्या

सुरुवातीला छान जाड वही आणू नका. कोरी वही मागणं मागते. पहिल्या पानावर काहीतरी मोठं, शोभेल असं लिहावं लागेल असं वाटतं आणि तिथेच सगळं अडतं. मी पाकिटं, पावत्या, कॅलेंडरची फाटलेली पानं वापरली. ही माझीच युक्ती असं मला बरेच दिवस वाटत होतं. नंतर कळलं की फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ यांनी आई गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे २६ ऑक्टोबर १९७७ पासून, टंकलेखनाच्या कागदाचे चार तुकडे करून त्यांवर दोन-दोन, चार-चार ओळी लिहिल्या होत्या. जवळजवळ दोन वर्षं. एवढ्या मोठ्या लेखकालाही चतकोरच पुरला, याचा मला धीर आला.

चिठ्ठीचे माझे नियम थोडे होते. वर तारीख. तीन ओळींपेक्षा जास्त नाही. प्रत्येक चिठ्ठीत हात लावता येईल अशी एक तरी वस्तू, किंवा त्या माणसाच्या तोंडचा एक तरी शब्द, जसाच्या तसा. "बाबांची खूप आठवण आली" ही चिठ्ठी होत नाही. "कपाटाच्या किल्लीला त्यांनी बांधलेली दोरी. गाठ सुटत नाही, कापायची नाही" ही होते.

चिठ्ठ्या एका डब्यात टाका. वाचू नका, लावू नका. काही दिवस एकही येणार नाही, एखाद्या दिवशी सहा येतील. रोज काहीतरी लिहावं असं आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. या दिवसांत त्यातला "काहीतरी" धरा आणि "रोज" सोडून द्या.

हात चालतच नसेल तर फोनवर बोलून ठेवा. आणि हो, या आठवड्यांतलं सगळ्यात निकडीचं काम लिहिण्याचं नाहीच. त्या माणसाचे आवाजी निरोप फोनमध्ये असतील तर त्यांची प्रत आजच दुसरीकडे काढून ठेवा. फोन बदलताना, बिघडल्यावर, जागा रिकामी करताना ते जातात आणि परत मिळत नाहीत. पुढे कधीतरी ते एकेक ऐकून शब्दशः उतरवून काढा. ते कसे बोलत, कुठे थांबत, कुठला शब्द उगाचच मध्ये घालत हे कान देऊन लिहिताना जी शिकवणी होते ती कुठल्या लेखन कार्यशाळेत होत नाही. बाबा प्रत्येक निरोपाच्या शेवटी "बरं, ठेवतो" म्हणत. ते फोनवर बोलत नसून निरोप पाठवताहेत हे त्यांना शेवटपर्यंत मान्य नव्हतं.

मग पंधरा मिनिटांची बैठक

दीड-दोन महिन्यांनी, निजानीज झाल्यासारखं जरा स्थिर वाटायला लागलं की सलग चार दिवस ठरवून बसा. जागा अशी की कोणी मागून डोकावणार नाही. घड्याळ लावा, पंधरा मिनिटं, वीसच्या वर नाही. शुद्धलेखन, खाडाखोड, अक्षर, कशाचीही पर्वा करायची नाही. सुचेनासं झालं तर शेवटची ओळ पुन्हा लिहायची, पण पेन थांबवायचं नाही.

वेळ झोपायच्या आधीची नको. मी पहिल्यांदा रात्री साडेदहाला बसले आणि पहाटे तीनपर्यंत छताकडे बघत होते. लिहून उठल्यावर मन जड होणारच आहे, तेव्हा पुढचा अर्धा तास हाताने करायचं एखादं काम आधीच ठरवून ठेवा. कपडे घड्या करणं, झाडांना पाणी घालणं, चालून येणं, काहीही.

प्रयोगांत बहुधा चारही दिवस एकाच विषयावर लिहिलं तरी चालतं, रोज वेगळ्यावर लिहिलं तरी चालतं. मी चार दिवसांची वाटणी केली, ती माझ्या सोयीची आहे. पहिल्या दिवशी काय घडलं ते क्रमाने, पंचनामा लिहावा तसं. दुसऱ्या दिवशी तेच, पण त्या त्या क्षणी मी कुठे होते, काय वाटत होतं ते धरून. तिसऱ्या दिवशी जे कोणाला सांगितलं नाही ते. चौथ्या दिवशी आता रोजच्या दिवसात काय बदललंय ते.

तिसरा दिवस अवघड. तिथे राग निघतो. दीर्घ आजारपण काढलेलं असेल तर "सुटलो" ही भावना निघते, आणि ती कागदावर दिसली की स्वतःची किळस येते. लिहा. गेलेल्या माणसाची सेवा करून थकलेल्या पुष्कळांच्या मनात ती येऊन गेलेली असते. लिहून कागद फाडून टाकायचा असेल तर फाडा. मी फाडला. त्यातलं एकच वाक्य मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं, कारण ते खरं होतं आणि बरं उतरलं होतं.

पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी पुढे अशा लिखाणातले शब्द मोजून पाहिले. दिवसागणिक "कारण", "लक्षात आलं", "तेव्हा कळलं" अशा जातीचे शब्द ज्यांच्या लिहिण्यात वाढत गेले, त्यांची तब्येत पुढे जास्त सुधारलेली दिसली. म्हणून मुद्दाम "कारण" पेरत बसायचं नाही. पण चौथ्या दिवशीही तीच तीच ओळ त्याच शब्दांत येत असेल, नुसतं उगाळणं चाललं असेल, तर बैठक बंद करा आणि चिठ्ठ्यांवर परत या. त्यात हार वगैरे काही नाही.

हे शब्द वहीबाहेर ठेवा

भरून न येणारी पोकळी. काळाचा घाला. छत्र हरपलं. आधारवड कोसळला. प्राणज्योत मालवली. चटका लावून गेले.

या शब्दांवर माझा राग नाही. पहिल्या चार दिवसांत बातमी द्यायची असते, निरोपांना उत्तरं द्यायची असतात, डोकं चालत नसतं, तेव्हा हेच तयार शब्द हाताशी येतात आणि निभावून नेतात. पण ते कोणाच्याही बाबांना बसतात. माझ्या बाबांनी सेलवर चिकटपट्टी लावली होती, आणि "आधारवड" म्हटल्यावर चिकटपट्टी दिसेनाशी होते. म्हणून मी वहीच्या आतल्या बाजूला ही यादीच लिहून ठेवली. यातला शब्द आला की खोडायचा आणि विचारायचं: म्हणजे नक्की काय? पोकळी म्हणजे काय? तर सकाळी सहाला बाथरूमचा दिवा लागल्याचा आवाज येत नाही. बटणाचा खटका. मग तेच लिहायचं.

तसंच, जसं बोलता तसं लिहा. "ते गेले तेव्हा मी कार्यालयात होते" हे माझं वाक्य नाही. "मी ऑफिसात होते" हे आहे. घरातली बोली असेल, तिचे हेल असतील, तर ते आणा. ही वही कोणी तपासायला घेणार नाही.

"नेहमी"मधून "एकदा"कडे

लिहिण्याची गोडी मला परत लागली ती इथे, म्हणून इथे जरा जास्त थांबते.

दोन-तीन महिने झाल्यावर मी डबा उघडला आणि चिठ्ठ्या जमिनीवर पसरल्या. साठ-सत्तर असतील. लक्षात आलं की बहुतेक चिठ्ठ्या एकाच काळात आहेत. ते तारीख टाकत. ते दार लावून पुन्हा ओढून बघत. ते पेपर दुमडून ठेवत. शाळेत व्याकरणात शिकलेला रीती भूतकाळ. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना आपण सगळे याच काळात जातो, कारण तो काळ सगळं माणूस एका वाक्यात बांधून देतो. पण त्यात एकही दिवस नसतो. माणूस सवयींची यादी होऊन बसतो.

मग मी एक खेळ सुरू केला. एक चिठ्ठी उचलायची. "नेहमी"च्या जागी "एकदा" घालायचं आणि त्या एका दिवसाचं लिहायचं. काळ बदलला की वाक्याला कुठेतरी उभं राहावंच लागतं: खोली लागते, वेळ लागते, कोणीतरी काहीतरी बोलावं लागतं.

चिठ्ठी अशी होती: "बाबा प्रत्येक सेलवर तारीख टाकत."

पहिला प्रयत्न: "बाबा अतिशय काटेकोर आणि मिश्कील स्वभावाचे होते. एकदा टॉर्चचे सेल लवकर संपले तेव्हा त्यांनी गमतीशीर प्रतिक्रिया दिली." हे मी खरंच असं लिहिलं होतं. इतिवृत्त लिहिणाऱ्या बाईचं वाक्य.

तिसरा प्रयत्न: "लाइट गेले होते. टॉर्च लागेना. बाबांनी सेल काढला, चष्मा कपाळावर सरकवला, मेणबत्तीजवळ नेऊन तारीख वाचली. 'सात महिने,' ते म्हणाले. 'लबाड आहेत.' लबाड कोण, सेल की ते बनवणारे, ते मी विचारलं नाही."

"मिश्कील" गेलं आणि मिश्कीलपणा आला. शेवटचं वाक्य ठेवावं की नाही यावर मी तासभर घालवला. काढून वाचलं, घालून वाचलं, मोठ्याने वाचलं. खिडकीबाहेर अंधार पडला होता आणि मला कळलंच नव्हतं. असं चौदा वर्षांत झालं नव्हतं.

आणि मग लाज वाटली. बाबा जाऊन तीन महिने नाहीत, आणि मी त्यांच्या आठवणीतलं एक वाक्य जमलं म्हणून खूश होऊन बसले आहे! ही लाज तुम्हालाही येईल, म्हणून सांगून ठेवते. तिच्यावर मला सापडलेला उतारा साधा होता: ते वाक्य मी भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "अजून आहेत का?" नेमका शब्द सापडला की आनंद होतो कारण तो माणूस क्षणभर तसाच्या तसा समोर आलेला असतो. त्या आनंदाची माफी कोणाकडे मागायची?

हसण्याचंही तेच. लक्ष्मीबाई टिळकांची "स्मृतिचित्रे" आठवा. नारायण वामन टिळक १९१९ साली गेले, पुस्तकाचा पहिला भाग आला १९३४ साली. त्यात टिळकांचा लहरीपणा आहे, संताप आहे, दोघांची भांडणं आहेत, आणि वाचणारा पानोपानी हसतो. पंधरा वर्षांचं अंतर आहे हेही ध्यानात ठेवा. वहीत आज हसू येत नसेल तर ते ओढून आणायचं नाही.

एक पान दुसऱ्याच कशाचं

मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ साली शोकाबद्दल मांडलेलं म्हणणं मला फार उपयोगी पडलं. शोकातलं माणूस झोक्यासारखं हेलकावतं, काही वेळ गेलेल्या माणसाकडे, काही वेळ पुढच्या जगण्याकडे, आणि हे येणं-जाणंच निरोगी असतं, असं त्यांचं म्हणणं. (शोकाच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या त्या प्रसिद्ध पाच पायऱ्या मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडल्या त्या मुळात मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. आपण आता कितव्या पायरीवर आहोत हे वहीत मोजत बसू नका.)

वहीलाही हा झोका हवा. मी डाव्या पानावर बाबांचं लिहायचे आणि उजव्या पानावर दुसरं काहीही: समोरच्या इमारतीला रंग देणारा माणूस दोर कसा बांधतो, लिफ्टमध्ये लोक कुठे बघतात, मांजर पावसाकडे कशी बघते. सुरुवातीला उजवं पान म्हणजे टाळाटाळ वाटायची. सहा महिन्यांनी बघितलं तर उजवी पानं जास्त भरलेली होती, आणि रंगाऱ्यावरचं एक पान बाबांवरच्या कितीतरी पानांपेक्षा चांगलं झालं होतं. बाबांच्या सवयी टिपता टिपता बघायची सवय लागली होती, ती आता दुसरीकडेही वळत होती.

पुष्कळ जण गेलेल्या माणसाला पत्र लिहायला सांगतात. मला ते फारसं जमलं नाही. लिहायचंच असेल तर एवढं करा: समोरासमोर ज्या शब्दाने हाक मारत होतात त्याच शब्दाने सुरुवात करा आणि "तू" म्हणत असाल तर "तू"च ठेवा. पत्रात एकदम "तुम्ही" आलं की पत्र भाषण होतं. आणि त्यांना आधीपासून ठाऊक असलेलं लिहू नका. "तुमच्यानंतर काय झालं" ते लिहा. ते गेल्यावर गळू लागलेला नळ, बदललेला भाडेकरू, भावाची नवी नोकरी.

वाचायचं कधी, थांबायचं कधी

लिहिलेलं त्याच आठवड्यात वाचू नका. महिना-दीड महिना जाऊ द्या. वाचताना पेन्सिल घ्या, पेन नको, आणि फक्त एवढीच खूण करा: जिथे माणूस दिसतो तिथे उभी रेघ. वाईट वाक्यांवर काही करू नका. चाळीस पानांत सहा रेघा आल्या तरी पुरेत. पुढे कधी लेख लिहायचा झाला तर तो त्या सहा जागांतून निघतो.

थांबण्यासाठी बाहेरची एक मर्यादा घालून घ्या. बायको गेल्यावर सी. एस. लुइस या ब्रिटिश लेखकाने घरात सापडलेल्या कोऱ्या वह्यांत लिहायला सुरुवात केली आणि त्या संपल्या की थांबायचं ठरवलं, नवी वही त्यासाठी विकत आणायची नाही. ते लिखाण १९६१ साली टोपणनावाने छापून आलं. मर्यादा असली की दुःखाची नोकरी धरल्यासारखं होत नाही. मी शंभर पानी एक वही ठरवली होती. ती अकरा महिने पुरली. त्यानंतरची वही कशाचीच नाही, तिच्यात काहीही येतं.

दुसऱ्याला दाखवण्याआधी

वही तुमची, पण माणूस एकट्या तुमचं नव्हतं. आजारपणाचे तपशील, पैशाचे वाद, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कोण काय बोललं, हे सगळं वहीत राहू दे. त्यातलं काही छापायचं, कुठे टाकायचं असेल तर ज्यांची नावं त्यात आहेत त्यांना आधी वाचायला द्या, आणि वाचायला देताना "कसं झालंय?" असं विचारू नका. "यातलं काय बाहेर जाऊ नये असं वाटतं?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक भिडेने "छान" म्हणतात. आईने माझी दोन पानं काढायला लावली. एक मला पटलं, एक अजूनही पटलेलं नाही, पण काढली दोन्ही.

आठवणी जुळणार नाहीत यासाठीही तयारी ठेवा. घरातल्या प्रत्येकाकडे वेगळा माणूस असतो. तिथे वाद घालून खरं-खोटं ठरवायला जाऊ नका, दोन्ही लिहून ठेवा. टॉर्चचं ते पान मी भावाला दिलं तेव्हा त्याने ते दोनदा वाचलं, खिशातून पेन काढलं आणि समासात लिहिलं: "टॉर्च नाही, रेडिओ. लाइट होते." त्याखाली त्याने त्या दिवसाची तारीख टाकली.